गर्दीतून पुढे कोण येतो?



वस्तीत एखादा माणूस मनाने पार कोसळतो. रडतो, ओरडतो, जीव द्यायची भाषा करतो. गर्दी जमते, पुढे होतो तो एखादाच. तो का होतो, एवढंच आम्ही मांडणार आहोत.

पटाचारेची कथा आपल्याला ठाऊक आहे. नवरा, दोन लेकरं, आईबाप, भाऊ सगळे गेले आणि तिचं भान सुटलं. लोकांनी वेडी म्हणून ढेकळं मारली. भगवंतांनी तिला बहीण म्हणून हाक दिली. ती भानावर आली, तेव्हा जवळच्या एका माणसाने आपलं वस्त्र तिच्याकडे टाकलं. त्याचं नाव काही कुणी लिहून ठेवलेलं नाही! आम्हाला वाटतं, बहीण म्हटल्यावर ती त्याच्यासाठी वेडी राहिली नसावी.

मग बाकीचे निर्दय असतात का? तसं नाही. अमेरिकेतील डार्ली व लाटाने यांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला फीट आल्याचा आवाज विद्यार्थ्यांना ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी शंभरात ८५ जण तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१. कुणीतरी जाईलच, असं प्रत्येकाला वाटतं.

ऑस्ट्रेलियात सिडनीचे डॉन रिची विमा विकायचे. लोक जिथे जीव द्यायला येत, त्या कड्यासमोरच त्यांचं घर. ते जवळ जात, हसून मदत हवी का विचारत, घरी चहाला बोलवत. सरकारी नोंदीप्रमाणे १६० जणांना त्यांनी माघारी आणलं. २०१२ साली ते वारले.

"आज वाचवला तरी उद्या करेलच," असं आपल्यात म्हणतात. साफ चूक! सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ मध्ये अडवलेल्या ५१५ जणांचा सायडन यांनी पुढे शोध घेतला. १९७८ च्या त्यांच्या अहवालात शंभरातले सुमारे ९४ जण हयात होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते.

राहिली पोलिसांची भीती. जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरतो. उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस, फुकट लागतो.

तेव्हा "अरे, कुणीतरी या" असं ओरडू नका. एकेकाकडे बघून सांगा : ताई, तुम्ही हिच्याजवळ बसा. दादा, तुम्ही फोन लावा. पोरांनो, तुम्ही घरी जा.