मोरेमीच्या रानात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आफ्रिकेच्या रानात तंबूत राहून आले म्हटल्यावर वाघसिंहांच्या गोष्टींची आपली अपेक्षा असणार. वाघ तेथे नाहीत. सिंह पाहिले, पण मला बोलावयाचे आहे एका बाईविषयी.

बोत्स्वानात माऊन गावाहून उत्तरेस निघाले की डांबरी सडक लवकरच संपते. पुढे नुसती वाळू. टायरांतली हवा कमी करून मोटार हाकावी लागते. पाणी, पेट्रोल, शिधा सारे बरोबर. मुक्कामाच्या जागेला कुंपण नाही, तंबू मोटारीच्या टपावर. स्वयंपाक दिवस मावळण्यापूर्वी उरकावा, भांडी घासून गाडीत बंद करावी. उष्ट्याच्या वासाने तरस येतात. संत्री तर नेऊच नयेत, त्या वासावर हत्ती येतो! सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या आपल्याला ही शिस्त जड नाही.

ओकावांगो नदीची तऱ्हा न्यारी. अंगोलात जानेवारी-फेब्रुवारीत पडलेला पाऊस सपाटीवरून इतका सावकाश सरकतो की माऊनजवळ पाणी येते जून-जुलैत, ऐन कोरड्या दिवसांत. समुद्र न गाठताच ते संपते. त्या पाण्याच्या आधाराने रानरेडे, हरणे, हत्ती जगतात; देशात हत्तीच सुमारे १ लाख ३० हजार.

आता ती बाई. शिकारीने जनावरे संपत चालली, तेव्हा १९६३ साली बाटावाना लोकांनी आपणहून आपली जमीन राखीव केली. देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. दिवंगत राजे मोरेमी तिसरे यांच्या पत्नी पुलाने मोरेमी राज्यकारभार पाहत होत्या, आणि हा निर्णय त्यांच्या पुढाकाराने झाला. रानाला नाव मात्र पतीच्या घराण्याचे! आपल्याकडे तरी निराळे काय होते?

पण त्या पुण्याईची किंमत दुसऱ्यांनी दिली, हेही सांगितले पाहिजे. ख्वाई नदीकाठच्या बुगाख्वे लोकांना हद्दीबाहेर जावे लागले. ज्या रानात त्यांचे वाडवडील कंदमुळे खणीत, तेथे आम्ही पैसे भरून चहा करीत होतो. तो घोट मला गोड लागला नाही. त्यांचे गाव आज उत्तरेच्या दाराशी, नदीपलीकडे आहे. गावाची संस्था प्रवाशांना तंबूसाठी जागा देते, बायका ताडाच्या पानांच्या टोपल्या विणतात. तपकिरी नक्षी झाडाच्या मुळांच्या सालीने रंगवलेली असते. एक टोपली आणली आहे. मागच्या रांगेपर्यंत फिरवावी. वीण इतकी घट्ट आहे की धान्याचा दाणा गळणार नाही.