बारीक आहोत, म्हणजे ठणठणीत आहोत असं नाही

(बुलढाणा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला आधी विषय दिला होता 'करिअर'. मी तो बदलून मागितला. नोकरी कशी मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा मोबाईल लवकर सांगेल. ती मिळाल्यावर शरीराचं काय होतं, ते कोणी सांगत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पुण्यात होतो, लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा बुलढाण्याला आलो, तो इथेच राहिलो. क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे मीटिंग रात्री अकरापर्यंत. जेवण त्यानंतर, आणि लगेच झोप. चालणं म्हणजे पलंगापासून टेबलापर्यंत. वजन ६२ किलो. लग्नात भेटलेले मामू विचारायचे, "काही खातोस की नाही रे?" साखर, बीपी ही जाड माणसांची दुखणी, असं मी धरून चाललो होतो. अब्बांना डायबिटीस होता, तरीही.

मागच्या वर्षी विम्यासाठी रक्त दिलं. एचबीए१सी ६.२. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो. ५.७ पासून धोका सुरू, ६.५ ला डायबिटीस. इंजिनिअर माणूस आधी सेन्सरवर संशय घेतो. दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तोच आकडा.

मग वाचायला लागलो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपले हातपाय बारीक असतात, चरबी पोटात साठते. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची हद्द २५ ऐवजी २३ धरतात. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. शिंप्याची टेप पुरते. फक्त पँट बांधतो तिथे मोजू नका, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. माझी भरली ९४.

जिम लावली नाही. कॅलेंडरमध्ये साडेसहा ते सात 'मीटिंग' टाकली आणि मलकापूर रस्त्याने चालायला लागलो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, भरभर. जेवण आठच्या आत. बिर्याणी सोडली नाही, खोटं कशाला बोलू. दुसरी प्लेट सोडली. सहा महिन्यांनी आकडा ५.८. अजून हद्दीच्या आत नाही.

रमजानचं एक सांगतो. रोज्यांनी शरीराची सर्व्हिसिंग होते, असं मीही म्हणायचो, आणि इफ्तारला भजी-सरबतावर तुटून पडायचो. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारावं. अब्बांनी विचारलं नव्हतं. एका दुपारी साखर इतकी उतरली की त्यांना उचलून न्यावं लागलं. आजाऱ्याला रोज्यात सवलत आहे हे त्यांना ठाऊक होतं. मोहल्ला काय म्हणेल, याची भीती जास्त होती.

माझ्या रिपोर्टनंतर घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. अम्मीचं बीपी निघालं १६०/१००. वीस वर्षं तिने अब्बांच्या गोळ्या वेळेवर दिल्या, स्वतःचं बीपी एकदाही मोजलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. मला हे माझ्या ६.२ पेक्षा जास्त लागलं.

आता ती गोळी घेते आणि संध्याकाळी माझ्या बायकोबरोबर चालायला येते. सुरुवातीला लोक बघायचे. मी एकटा जायचो तेव्हा कोणी बघत नव्हतं.

तीस वर्षांवरच्यांची बीपी आणि साखर सरकारी उपकेंद्रात मोफत तपासतात. गल्लीतल्या आशाताईंना विचारा, त्या फॉर्म भरून घेतात. आज मी टेप आणि बीपीचं मशीन सोबत आणलंय. चहा येईपर्यंत एकेकाने पुढे या.