आकडा सांगायला शिकले
(मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील मनोगत)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'सातासमुद्रापार यशाची भरारी'. तो मी परस्पर बदललाय, रागावू नका. पहिली दोन वर्षं मी भरारी नाही, सरपटत होते.

तुम्हाला माहीत आहे, मी वर्गात मागे बसून वहीच्या शेवटच्या पानांवर चित्रं काढणारी. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा इथल्याच हॉलमध्ये दिल्या. पुढे पुण्यात एका शैक्षणिक साहित्याच्या कंपनीत चित्रकार म्हणून नऊ वर्षं नोकरी केली. हजारो चित्रं काढली असतील, एकावरही माझं नाव नाही. २०१४ साली कंपनीनं फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याला पाठवलं. तिथं दोन छोट्या प्रकाशकांनी माझी वही पाहिली आणि 'तुमच्याबरोबर काम करायला आवडेल' असं पत्र द्यायची तयारी दाखवली. त्या पत्रांवर, पैशांच्या एका अंदाजपत्रकावर आणि बाबांनी फंडातून काढून दिलेल्या रकमेवर मी मुंबईच्या वकिलातीत अर्ज केला. २०१५ च्या उन्हाळ्यात बर्लिनला पोचले. वय ३२.

जर्मनीत स्वतंत्र काम करणाऱ्यांचे कायद्यानं दोन भाग आहेत. दुकान, व्यापार, उद्योग करणारे एकीकडे. डॉक्टर, वकील, लेखक, भाषांतरकार, चित्रकार हे दुसरीकडे, त्यांना म्हणतात 'फ्रायबेरूफ्लर'. आम्हाला धंद्याची नोंदणी लागत नाही, थेट कर कार्यालयाकडून नंबर घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण आधी राहत्या पत्त्याची नोंदणी लागते, आणि घर द्यायच्या आधी घरमालक उत्पन्नाचे कागद मागतो. उत्पन्न तर अजून सुरूच व्हायचंय! शेवटी एका आजीबाईंनी खोली दिली, तीही मी त्यांच्या मांजराचं चित्र काढून दिलं म्हणून. (तेवढं एकच चित्र मी तिथं फुकट काढलं असं म्हणायला आवडलं असतं. खरं नाही ते.)

पत्र देणाऱ्यांपैकी एका प्रकाशनाच्या संपादक बाईंनी पहिलं काम दिलं. लहान मुलांचं पुस्तक, १२ चित्रं. त्यांनी विचारलं, तुमचं मानधन किती? मी आपल्याकडच्या सवयीनं म्हणाले, 'तुम्ही द्याल ते.' मला वाटलं, नम्रपणा दिसेल. त्या गप्पच झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेल आला, आकडा नसेल तर मी हे काम बैठकीत मांडूच शकत नाही. मी घाबरत ३०० युरो लिहिले. मनातल्या मनात सत्तरनं गुणलं, एकवीस हजार रुपये, बरेच वाटले. चार मिनिटांत 'मंजूर' आलं. नंतर स्टुडिओतल्या शेजारणीला सांितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. तिनं मला दोन संध्याकाळ बसवून शिकवलं. तिथल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क विकताच येत नाही, फक्त वापराची परवानगी देता येते. किती वर्षांसाठी, कुठल्या देशात, किती आवृत्त्यांना, त्यावर दर ठरतो. नऊ वर्षं पुण्यात मी हे प्रश्नच विचारले नव्हते.

दर सांगायला शिकले, तरी मागायला शिकले नव्हते. २०१६ च्या पावसाळ्यानंतर एका गिऱ्हाइकाकडे माझे १,१४० युरो अडकले. चार महिने मी आठवणीचं पत्र लिहिलं नाही. वाईट दिसेल, पुढचं काम जाईल, हीच भीड. नोव्हेंबरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. त्या दिवशी माझ्या खात्यात २१२ युरो होते. तिकिटाचे पैसे नव्हते. मी घरी सांगितलं, 'परवाना नूतनीकरणाला दिलाय, देश सोडता येत नाही.' परवान्याला काहीही झालेलं नव्हतं. दादा तिसऱ्या रांगेत बसलाय, त्याला हे आज पहिल्यांदा कळतंय. दादा, तेव्हा दवाखान्यात सगळं तू एकट्यानं केलंस.

बाबा घरी आल्यावर फोनवर म्हणाले, 'कामाचं कसं चाललंय?' मी म्हटलं, लोकांना पैसे मागायला लाज वाटते. ते हसले. म्हणाले, 'आपल्या मिरजेत तंबोरा करणारा माणूस भोपळ्यावर हात ठेवून दर सांगतो. समोर केवढाही मोठा गवई असू दे. तू कशाला लाजतेस?' त्याच रात्री मी पत्र लिहिलं. दोन ओळी, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम. पैसे नऊ दिवसांत आले. गिऱ्हाईकही गेलं नाही, अजून आहे.

पुढचं थोडक्यात सांगते. कलाकार आणि लेखकांसाठी तिथं एक सरकारी विमा योजना आहे. त्यात पेन्शन आणि आजारपणाच्या विम्याचा निम्मा हप्ता आपण भरायचा. उरलेला निम्मा, कलाकारांकडून काम घेणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून आणि सरकारी अनुदानातून येतो. नवख्यांना पहिली तीन वर्षं किमान उत्पन्नाची अटही नसते. मला ही योजना पोचल्यावर दीड वर्षानं कळली, कारण मी कुणाला विचारलंच नाही. आपल्याला सगळं येतं असं दाखवण्यात तेवढे महिने महागडा विमा भरला.

बाबा २०१९ मध्ये गेले. त्या वेळी मात्र मी इथं होते, तीन आठवडे आधीपासून. त्यांना खोटं बोलल्याचं सांगायचं ठरवून आले होते, सांगितलं नाही. त्यांना माहीत असावं असं मला वाटतं. आई म्हणते, नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी विचारलं, आमच्या मुलीला, मुलाला असंच बाहेर जाऊन स्वतंत्र काम करायचंय, काय करावं. मी १४ तारखेपर्यंत दादाकडे आहे. पोरांना घेऊन या. चित्रं, लॅपटॉप काही आणू नका, ते नंतर बघू. आधी मी त्यांना एक काम सांगणार आहे आणि विचारणार आहे, याचे किती घेशील? तुम्ही मात्र मध्ये बोलायचं नाही.