हसवणारी गोष्ट कोण लिहिते?

केळझरहून बोलते आहे. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज मधुगंधा कुलकर्णी या लेखिकेबद्दल सांगते. नाव कदाचित ओळखीचं नसेल, पण त्यांनी लिहिलेलं तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं आहे. २०१३ मध्ये झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली. एक सून आणि सहा सासवा! रात्रीची भांडी तशीच ठेवून आपण टीव्हीसमोर बसायचो. ती मालिका मधुगंधाताईंनी लिहिली.

रोजची मालिका लिहिणं म्हणजे रोजचा स्वयंपाक. आज मन लागत नाही म्हणून चूल बंद ठेवता येत नाही. त्या रोजच्या लिहिण्यातून हात तयार होतो.

मग २०१४ मध्ये ‘एलिझाबेथ एकादशी’ हा चित्रपट आला. त्याच्या लेखनात मधुगंधाताई होत्या, दिग्दर्शन परेश मोकाशी यांचं. गोष्ट पंढरपूरची. नवरा वारलेला, बाई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्जाचे हप्ते थकतात आणि मशीन जप्त होते. आता पोराची सायकल विकावी लागणार. बापानं बनवून दिलेल्या त्या सायकलीचं नाव एलिझाबेथ. ती वाचवायला पोरं यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात.

आता सांगा, थकलेला हप्ता ही काय हसण्याची गोष्ट आहे? बचत गटात बसणाऱ्या आपल्याला ती धडधड चांगली ठाऊक आहे. तरी हा चित्रपट पाहताना माणूस पोट धरून हसतो. कारण त्यात गरिबीची थट्टा नाही. हसू येतं ते पोरांच्या खटपटीचं, त्यांच्या मोठ्या माणसांसारख्या बोलण्याचं. या चित्रपटाला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२०२४ मध्ये याच दोघांचा ‘नाच गं घुमा’ आला. नोकरी करणारी राणी आणि तिच्याकडे कामाला येणाऱ्या आशाताई. एक मुक्ता बर्वे, दुसरी ‘हास्यजत्रे’तली नम्रता संभेराव. मालकीण रागानं कामवालीला काढते आणि मग सगळं घर कोलमडतं. कामवाल्या बाईवरचे विनोद आपण खूप ऐकले. इथं तिलाही तिचं घर आहे, तिचा मान आहे, आणि गोष्टीत तिचा वाटा मालकिणीएवढाच आहे.

मला सांगायचं आहे ते हेच. टीव्हीवर आपली वऱ्हाडी बोली आली की लोक हसतात. हसू द्या. पण बाई काय बोलली याला हसायचं की ती कशी बोलते याला, हे कागदावर लिहिणारं माणूस ठरवतं. लिहिणारी आपल्यातली असली तर फरक पडेल.

आपल्याकडे खडीगंमतीत पुरुषच लुगडं नेसून बाई व्हायचे आणि बायांच्या वाटचं बोलायचे. आता तुमचं तुम्ही बोला. गटातल्या एखाद्या पोरीला लिहायची हौस असेल तर तिला वही द्या. प्रसंग लिहिताना आधी जागा आणि वेळ लिहायची. मग कोणाला काय हवं आहे आणि आडवं काय येतं, ते लिहायचं. समजा, हप्ता भरायचा दिवस, अध्यक्षताईला किल्ली सापडत नाही आणि बँकेचे साहेब दारात उभे. झाला प्रसंग सुरू!

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. नुसती तोंडी सांगितलेली कल्पना आपली होती, हे नंतर सिद्ध करणं कठीण जातं. म्हणून गोष्ट पूर्ण लिहून काढा, तारीख घाला, मगच दुसऱ्याला दाखवा. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना आहे. तिचं सभासद झालं की पटकथेची नोंदणी घरबसल्या मोबाईलवरूनही करता येते.

पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं काढा आणि एकीनं लिहिलेला प्रसंग दोघींनी वाचा. बाकीच्या कुठं हसल्या, तिथं वहीत खूण करा. जिथं कोणीच हसलं नाही, ते त्या पोरीनं पुन्हा लिहावं.

येते मी. नमस्कार.