शब्द मागे घेतो, मत नाही

(जवाहरनगर, जि. भंडारा येथील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



24 जानेवारी 2025 ला इथल्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, आपली कामगार माणसं गेली. आधी त्यांना वंदन करतो.

मी आज कविता वाचणार नाही. कबुली द्यायला उभा आहे. गेल्या मेळाव्यात निवडणुकीच्या युतीवरून वाद पेटला. एक वडीलधारे कार्यकर्ते युतीच्या बाजूनं बोलले. मी माईक ओढला आणि म्हणालो, ‘हा माणूस विकला गेलाय.’ टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. पुरावा? काहीच नव्हता. उलट आपल्या पहिल्या अंकाचं छपाईचं बिल त्याच माणसानं ओव्हरटाइमच्या पैशातून भरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराला गल्लीत कुणी विचारलं, ‘तुझा बाप कितीला गेला रे?’ पोरगा आठ दिवस शाळेत गेला नाही.

हा रोग जुना आहे. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. दोनच वर्षांत ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ असे गट पडले. बी. सी. कांबळे दुरुस्त, म्हणून दादासाहेब गायकवाड नादुरुस्त! ज्या दादासाहेबांनी 1964 ला भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह उभा केला, ते नादुरुस्त? 1972 ला पँथर जन्मली. वरळीच्या दंगलीच्या दिवसांत, 10 जानेवारी 1974 ला, मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. त्याच वर्षी जाहीरनाम्यावरून नामदेव ढसाळ आणि राजा ढाले वेगळे झाले. बुद्ध की मार्क्स, जात की वर्ग, हा प्रश्न खरा होता. त्यावर रात्र रात्र भांडायला पाहिजे होतं. पण एकमेकांवर शिक्के मारले की भांडण मिटत नाही, माणूस तुटतो, प्रश्न तिथंच पडून राहतो. 1977 ला ढाले आणि ज. वि. पवारांनी पँथर बरखास्त केली. ढसाळ 2014 ला गेले, ढाले 2019 ला. प्रश्न अजून आपल्या उरावर आहे.

कुणी म्हणेल, सभ्यपणा हे वरच्यांचं चोचलं. अत्याचार करणाऱ्याशी गोड बोला असं मी सांगत नाही. व्यवस्थेला घातलेली शिवी माझ्या कवितेत राहील. पण ज्यानं आपल्यासोबत लाठी खाल्ली, त्याच्या इमानावर पुराव्याशिवाय बोलायचं नाही.

मी मुंबईच्या गोदीत काम करतो. तिथं चुकीचा इशारा गेला तर जागच्या जागी ओरडून क्रेन थांबवावी लागते. घरी जाऊन हळहळलं तर खालचा माणूस वाचत नाही. म्हणून माईकवर बोललो ते माईकवरच मागे घेतो. ‘कुणाला लागलं असेल तर’ असं म्हणत नाही. लागलं आहे. मी खोटं बोललो.

ते आज मागच्या रांगेत बसलेत. काका, युतीबद्दल तुम्ही चुकताय, हे मी आजही म्हणतो. सभा संपली की आपण त्यावर भांडू. पण तुम्ही विकलेले नाही. तुमच्या पोरालाही घरी येऊन हेच सांगणार आहे.

जयभीम.