मनाच्या शास्त्राची पदवी



बी.ए.ला मानसशास्त्र घेतले आहे, असे एखाद्या मुलीने घरी सांगितले की आपल्या नगर जिल्ह्यात तिला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. शेजारी हसत विचारतात, "म्हणजे आता आमच्या मनातले ओळखणार का?" आणि वडील न हसता विचारतात, "पुढे काय?" पहिला प्रश्न गमतीचा, दुसरा पोटाचा. हा विषय शिकवणारे आम्ही लोक दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणे लागतो. ती आज आपल्यासमोर उघडपणे द्यावीत, असे योजले आहे.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे, की मानसशास्त्र शिकून कोणी मनकवडा होत नाही. १८७९ साली जर्मनीत लायप्झिग येथे व्हिल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे शास्त्र तत्त्वज्ञानाच्या ओसरीवरून उठून स्वतःच्या घरात राहायला गेले, असे मानतात. पुढे हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःच्याच स्मरणशक्तीला कामाला लावले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरले ते मोजायचे, असा त्यांचा क्रम होता. पाठ केल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत विसरणे झपाट्याने होते, मग ते मंदावते, हे त्यांनी १८८५ साली प्रसिद्ध केले.

हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनाही करावा लागतो. त्यासाठी मराठीत अर्थहीन शब्द जुळवायला बसले, की गंमत होते. एखादी मुलगी 'ढझूप' असे काहीतरी लिहिते, आणि तिची मैत्रीण म्हणते, "अगं, हे तर आमच्या गल्लीतल्या एकाचे टोपणनाव वाटते!" झाले, तो शब्द तिच्या डोक्यात पक्का बसतो आणि प्रयोग बिघडतो. मन अर्थावाचून राहायला तयार नसते. हे पुस्तकात वाचणे निराळे आणि आपल्याच वहीत पाहणे निराळे.

दुसरा प्रयोग रेषांचा. सारख्या लांबीच्या दोन रेषा काढायच्या. एकीच्या टोकांना बाहेर उघडणारे पंख, दुसरीच्या टोकांना आत वळलेले. पहिली रेषा लांब दिसते. पट्टी लावून मोजले, दोन्ही सारख्या निघाल्या, तरीसुद्धा ती लांबच दिसते! आता याचा पुढचा भाग ऐका. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज संशोधकाने गेल्या शतकाच्या आरंभी निलगिरीतल्या तोडा लोकांना अशा रेषा दाखवल्या, तेव्हा इंग्रजांपेक्षा तोडा लोक या भ्रमाला कमी बळी पडले. म्हणजे डोळे सर्वांचे सारखे असले, तरी पाहणे हे माणूस कुठे वाढला त्यावरही अवलंबून असते. 'मी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' या वाक्यावर आपल्याकडे भाऊबंदकीचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात. ते वाक्य उच्चारण्यापूर्वी जो क्षणभर थांबेल, तो आमचा विद्यार्थी, असे आम्ही म्हणू.

तथापि या शास्त्राची खरी कसोटी मुलांच्या बुद्धिमापनात लागते. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी पहिली चाचणी रचली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत देता यावी म्हणून. बुद्धी हा कायमचा ठरलेला आकडा आहे, हे बिनेंना मान्य नव्हते. चाचणी अमेरिकेत गेली, तिची नवी आवृत्ती निघाली. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलून चालणार नव्हते. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी ती बदलून घेतली. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुष्कळांना ठाऊक आहे. परक्या मुलांच्या मापाने आपली मुले मोजू नयेत, हे ज्यांनी ओळखले, त्यांत कामतांचे नाव घ्यावे लागते.

पण माप मराठीत आले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाची अर्धी शाळा बुडते. अशा मुलाच्या हाती चाचणी दिली आणि आकडा कमी आला, तर तो आकडा कशाचा? बुद्धीचा, बुडालेल्या शाळेचा, की अनोळखी माणसासमोर बसलेल्या भीतीचा? 'मंद' हा शिक्का मारायला एक मिनिट पुरते. पुसायला जन्म पुरत नाही. शिक्का मारण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारणे, हेच तीन वर्षांच्या शिक्षणाचे सार आहे.

आता वडिलांचा प्रश्न. येथे आम्ही गोड बोलणार नाही. बी.ए. झाल्याबरोबर दाराला 'मानसोपचार' अशी पाटी लावणे, म्हणजे पी हळद अन् हो गोरी! २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने या बाबतीत स्पष्ट रेघ ओढली आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यास भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले त्या विषयाचे शिक्षण लागते, आणि त्याचा रस्ता पदवीच्या पुढे बराच लांब आहे. मनोविकारतज्ज्ञ हा तर मुळात डॉक्टर असतो. औषध लिहिणे हे त्याचे काम. ज्यांच्या घरी पुढच्या शिक्षणाचा खर्च झेपणार नाही, त्यांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले पाहिजे, तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर नव्हे.

मग केवळ पदवीचा उपयोग नाही काय? आहे. हीच मुलगी उद्या शिक्षिका होईल, बँकेत किंवा तालुक्याच्या कचेरीत बसेल, बचतगट चालवील. संख्याशास्त्र आणि माणसांशी विचारपूर्वक बोलण्याची सवय तिला सगळीकडे उपयोगी पडेल. आणि तिच्या गावात एखादी बाळंतीण बोलेनाशी झाली, बाळाला जवळ घेईनाशी झाली, तर घरचे म्हणतील 'बाहेरचे झाले', भगताकडे न्या. अघोरी उपायांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. पण कायदा ओसरीपर्यंत चालत येत नाही. तेथे कोणीतरी म्हणावे लागते, की बाळंतपणानंतर असा आजार होतो, तो बरा होतो, आधी दवाखान्यात चला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा फोनवरून सल्ला देते. तो क्रमांक ठाऊक असलेले आणि 'यात लाजायचे काही नाही' हे शांतपणे सांगू शकणारे एक माणूस घरटी नको, गावटी तरी हवे. ते उपचार करणार नाही, उपचारापर्यंत पोहोचवील. डॉक्टर शहरात आणि दुखणे वाडीवर, अशी स्थिती असताना हे पोहोचवणे लहान काम नव्हे.

म्हणून पालकांना आमची विनंती एवढीच. मुलीने हा विषय मागितला, तर 'पुढे काय' हे जरूर विचारा, खर्चाचा हिशेबही तिच्यापुढे मांडा. मात्र तिला हसू नका. आणि शेजारी विचारतील, मनातले ओळखतेस का, तर तिने नम्रपणे सांगावे, "नाही काका, पण तुम्ही सांगाल ते नीट ऐकून घ्यायला शिकते आहे."