तोंड वाकडें कां होतें?

सकाळीं गृहस्थ चूळ भरावयास जातो, तों पाणी ओठांच्या एका कोपऱ्यांतून गळूं लागतें. आरशांत पाहतो, तर एक डोळा मिटत नाहीं आणि हसूं एकाच गालावर उमटतें! घरांत धांवपळ उडते. कोणी म्हणतो गार वारा लागला, कोणी दृष्ट, कोणी रात्रंदिवसाची काळजी. श्रोतेहो, यांत खरें किती?

आपल्या वैद्यकानें या विकारास ‘अर्दित’ म्हणून वातविकारांत गणिलें आहे. पाश्चात्त्य वैद्यकांत त्याच्या नेहमीं आढळणाऱ्या प्रकारास चार्लस बेल या स्कॉटिश शस्त्रवैद्याचें नांव आहे. चेहऱ्याच्या मज्जातंतूंविषयींचें संशोधन त्यानें १८२१ सालीं मांडलें. मेंदूपासून निघणारा सातवा मज्जातंतु कानामागील हाडाच्या चिंचोळ्या बोगद्यांतून चेहऱ्याकडे येतो. तो सुजला, तरी बोगदा कांहीं रुंदावत नाहीं. तंतु चेंगरतो व त्या बाजूचे स्नायु लुळे पडतात. सूज कां येते? ओठांवर फोड उठविणारा एक विषाणु तंतूच्या गाठींत वर्षानुवर्षें निजून राहतो व पुन्हां जागा होतो, असा संशय आहे. १९९६ सालीं जपानांत मुराकामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १४ रोगी तपासले. ११ जणांत त्याच्या खुणा सांपडल्या. नागीण व कानाचें दुखणें हींही कारणें होत. मधुमेह्यांत व गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत हा विकार अधिक दिसतो.

आतां काळजीविषयीं. ताण व जागरण यांनीं प्रतिकारशक्ति खालावून निजलेला विषाणु डोकें वर काढीत असेल, हें तर्कास पटतें. परंतु ताणानेंच तोंड वाकडें होतें, असें अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. वाऱ्याचेंही तेंच. मग ‘तूंच फार काळजी करितोस’ म्हणून रोग्यालाच दूषण देणें मला तरी निव्वळ अन्याय वाटतो.

खरा धोका निराळाच आहे. मेंदूंतील पक्षाघातानेंही तोंड वाकडें होतें. त्यांत कपाळाला आठ्या बहुधा दोन्हीं बाजूंस पडतात; मज्जातंतूच्या विकारांत एका बाजूचें कपाळ सपाट राहतें. पण ही परीक्षा डॉक्टरांची; घरीं ती करीत बसूं नये. हात लुळा पडला वा वाचा बोबडी वळली, तर क्षणही न दवडतां इस्पितळ गांठावें. विकार मज्जातंतूचाच ठरला, तर सूज उतरविणारें स्टेरॉइड ७२ तासांच्या आंत सुरू झाल्यास गुण अधिक येतो. अंगारेधुपारे करण्यांत नेमके हेच तीन दिवस जातात. एरव्हीं दहांपैकीं सुमारें सात रोगी औषधावांचूनही पूर्ण बरे होतात, मात्र त्यास कित्येक आठवडे, क्वचित् महिने लागतात. तोंवर न मिटणारा डोळा जपावा: दिवसा डॉक्टरांनीं दिलेले थेंब, रात्रीं मलम व वरून पट्टी, नाहींतर बुबुळ कोरडें पडून त्यास जखम होते.